पाणबुडीऐवजी एसटी चालेल का?

ताई,
मी वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. दोन वर्षं खपून दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली आहे. बारा वर्षांची गौरी आणि तिचा धाकटा भाऊ बाबू हे मामाच्या छोट्या पाणबुडीतून मालवणच्या किल्ल्यामागे बुडी मारतात. मामा गोव्यात समुद्रशास्त्रज्ञ आहे. दोन हजार मीटर खाली त्यांना गरम पाण्याचे झरे आणि लोखंडी गोगलगाय सापडते आणि ती पळवायला एक परदेशी जहाज येतं. पहिला खर्डा मैत्रिणीला दिला. ती म्हणाली, ‘अगं, हे पाठ्यपुस्तक झालंय.’ म्हणून विज्ञान काढून टाकलं आणि दुसरा खर्डा वर्गातल्या एका मुलाला दिला. तो म्हणाला, ‘बाई, यात पाणबुडीच्या जागी एसटी घातली तरी चालेल की!’ आता किती विज्ञान ठेवू आणि किती काढू? दोन्ही खर्डे सोबत जोडले आहेत.
– एक वाचक

प्रिय बाई,

(तुमचा विद्यार्थी तुम्हाला ‘बाई’ म्हणतो, मीही तेच म्हणते.)

आधी त्या मुलाला जपा. गेली पंचवीस-तीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखितं वाचते आहे, पण इतकी नेमकी कसोटी मला एकाही मोठ्या माणसाने दिलेली नाही. मी दोन्ही खर्डे वाचले, मग त्याचीच फूटपट्टी घेऊन पुन्हा वाचले. प्रत्येक प्रसंगाशी थांबून स्वतःला विचारलं, इथे एसटी चालेल का? दुसऱ्या खर्ड्यात सतरापैकी तेरा प्रकरणांत चालते. कणकवली डेपोची गाडी, मामा ड्रायव्हर, बाहेर मासे. पहिल्या खर्ड्यातही नऊ प्रकरणांत चालते, कारण तिथे विज्ञान आहे ते मामाच्या तोंडात. प्रवासात कुठेच नाही.

तेव्हा ‘किती ठेवू’ हा प्रश्न सोडून द्या. कुठे ठेवू, एवढंच पाहा. माझं उत्तर असं की विज्ञान गोष्टीच्या वाटेत आडवं पडलेलं हवं. गौरीला काहीतरी करायचं आहे आणि समुद्र म्हणतो, नाही. का नाही, हे तिला कळलं की ती दुसरी वाट शोधते. बस. तुमच्या कादंबरीतलं सगळं विज्ञान या ‘नाही’मध्ये मावतं. जे मावत नाही ते तुमच्या वर्गासाठी राखून ठेवा.

चौथं प्रकरण घ्या. मामा तीन पानं बोलतो. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, दोन हजार मीटरला दोनशे वातावरण होतो, वगैरे. सगळं बरोबर आहे. पण या तीन पानांत गौरी ‘अय्या, खरंच?’ असं पाच वेळा म्हणते. बाई, बारा वर्षांची मुलगी मामाला पाच वेळा ‘अय्या खरंच’ म्हणत नाही. दुसऱ्यांदाच ती मोबाइल मागते.

ही तीन पानं काढून टाका आणि एक थर्माकोलचा पेला आणा. खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर शास्त्रज्ञांचा एक जुना खेळ आहे. थर्माकोलच्या पेल्यावर मार्करने नावं लिहायची, चित्रं काढायची, पेला जाळीच्या पिशवीत घालून यंत्राच्या बाहेर बांधायचा आणि खाली पाठवायचा. थर्माकोलमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त हवाच असते, ती दाबाने पिळून निघते. वर येतो तेव्हा पेला शिंप्याच्या अंगुस्तानाएवढा झालेला असतो. आकार तोच, अक्षरंही तीच, पण मुंगीएवढी. बाबूला पेल्यावर आपलं नाव लिहू द्या. परत आल्यावर तो पेला करंगळीच्या टोकावर घालून हिंडू द्या. त्याच वेळी गौरीच्या लक्षात येऊ द्या की आपण त्याच पाण्यात होतो आणि आपलं काहीच आक्रसलं नाही. ते का, हा प्रश्न आता वाचणारं मूल स्वतःच विचारेल. मामाने एका वाक्यात उत्तर दिलं तरी पुरे: दोन हजार मीटरवर तुझ्या नखावर पन्नास किलोची चार तांदळाची पोती ठेवल्यासारखं होतं आणि ती पोती आपण बसलोय तो धातूचा गोल उचलून धरतो.

त्या गोलाचं वर्णन तुम्ही कुठेच केलेलं नाही. खिडक्यांना पडदे आणि बसायला सोफा मात्र दिलाय! आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य ६०००’ तयार होते आहे, तिचा विचार करा. माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोल आतून २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाड. त्यात तीन माणसं. बारा तासांचं काम, संकट आलं तर ९६ तास तग धरेल अशी सोय. म्हणजे तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली जेवढी जागा असेल त्याहून थोडी जास्त, तिथे मामा, गौरी आणि बाबू. गुडघ्याला गुडघा. अशा गोलात संडास नसतो. दहा वर्षांच्या वाचकाला सगळ्यात आधी पडणारा प्रश्न हाच आणि तुमच्या दोन्ही खर्ड्यांत त्याचा पत्ता नाही. बाबूने निघण्यापूर्वी दोन ग्लास कोकम सरबत प्यायलं, एवढं पहिल्या प्रकरणात लिहून ठेवा. पुढचं आपोआप होईल.

आता सातवं प्रकरण. इथे मी जरा जास्त वेळ बसणार आहे, कारण हे तुमचं सगळ्यात चांगलं प्रकरण होऊ शकतं आणि सध्या ते सगळ्यात खोटं आहे.

तुम्ही लिहिलंय की दोन हजार मीटरवर खिडकीच्या कडेने पाणी थेंब थेंब गळू लागतं आणि बाबू दप्तरातून एम-सील काढून लावतो. वाचताना मला हसू आलं, कारण आमच्या घरातल्या टाकीला पाच वर्षं तेच लावलेलं आहे. पण बाहेर दोनशे वातावरण दाब असताना पाणी थेंबाने येत नाही. कागदावर हिशेब मांडला तर सुईएवढ्या भोकातून येणाऱ्या त्या धारेचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या घरात जातो. ते पाणी नव्हे, पातं. बोट लावलं तर बोट जाईल, आणि एम-सीलचा गोळा मळून होईपर्यंत गोष्टच संपलेली असेल. अशी गळती झाली की पुढचं प्रकरण लिहायला कुणी उरत नाही.

मग थेंब टाकून द्यायचे? अजिबात नाही. थेंब खरे आहेत! तुम्ही फक्त ते चुकीच्या बाजूने आणले. बाहेरचं पाणी तीन-चार अंशांवर, धातूचा गोल तसाच थंडगार, आत तीन माणसं तासभर श्वास सोडताहेत. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्याला घाम फुटतो तसा गोलाला आतून घाम फुटतो. थेंब जमतात आणि ओघळतात. पहिल्यांदा खाली गेलेल्या माणसाच्या काळजात ते पाहून धस्स होणारच. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं:

थेंब गौरीच्या मानेवर पडला. गार. तिने वर पाहिलं, तर खिडकीच्या कडेला दुसरा फुगत होता.
‘ताई,’ बाबू अगदी हळू म्हणाला, ‘गळतंय.’
मामा पाठमोरा होता. त्याच्या कानाला यंत्र लावलेलं होतं आणि वरच्या जहाजाचं काहीतरी ऐकण्यात तो गुंतला होता. गौरीने बोट पुढे केलं. थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.
‘कसं लागतंय?’
‘कसंच नाही.’
‘म्हणजे?’
‘खारट नाहीये.’ तिने दुसरा थेंब चाखला. ‘हा समुद्र नाही, बाबू. हे आपणच आहोत.’

यात दाब आहे, सांद्रीभवन आहे (तुमच्या सातवीच्या पोरांना शब्द पाठ असतो, थेंब ओळखता येत नाही), भीती आहे आणि गौरी कशी मुलगी आहे तेही आहे. मामा एक अक्षर बोललेला नाही. आणि इथे एसटी चालत नाही.

याच प्रकरणात बाबूच्या कानांत दडे बसतात आणि पुढे वर येताना मामा सांगतो, ‘हळू जाऊ, नाहीतर रक्तात बुडबुडे होतील.’ ही गल्लत पुष्कळांची होते. ते दुखणं पाठीला सिलिंडर बांधून उतरणाऱ्या पाणबुड्याचं. त्याच्या अंगावर बाहेरचा दाब येतो, तो दाबाखालची हवा श्वासात घेतो, नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि घाईने वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं. तारकर्लीला स्कूबा शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच आधी सांगेल. गोलाच्या आत मात्र दाब आपल्या अंगणातलाच असतो. कान ठीक, रक्त ठीक. धोका वेगळा आहे आणि तुम्ही तो वापरलेलाच नाही: हवा. तुमच्या मुलांचा ऑक्सिजन संपत येतो आणि ती श्वास रोखून धरतात. खरं तर बंद जागेत आधी गळा धरतो तो आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड. तो शोषून घ्यायला सोडा लाइमसारखं रसायन ठेवतात आणि त्यातून हवा फिरवायला पंखा असतो. पंखा बंद पडला तर काय? आवाज बंद होतो, एवढंच. मग डोकं जड होतं, जांभया येतात, साधी बेरीज चुकते. मामा चुकीचा आकडा वाचतो आणि तो चुकलाय हे गौरीला कळतं, असं एक पान लिहून पाहा. बॉम्ब-बिम्ब काही लागणार नाही.

आता भूगोल. इथे मात्र मी रागावणार आहे, कारण तुम्ही त्या किनाऱ्यावर राहता. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे दोन हजार मीटर? तिथे बांगड्यालासुद्धा पोट खरवडून पोहावं लागेल अशा जागा आहेत. पश्चिम किनाऱ्याची समुद्रबूड जमीन रुंद आहे. मुंबईसमोर ती तीनशे किलोमीटरपर्यंत जाते, दक्षिणेकडे निमुळती होत येते, तरी तुमच्याकडेही खोल पाण्यासाठी शंभरेक किलोमीटर बाहेर जावं लागतं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘खंडान्त उतार’ आहे ना, तो तिथे सुरू होतो.

पण हीच अडचण तुम्हाला कादंबरीचा सुरेख पहिला भाग देते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, म्हणजे पाण्याखालचं एक पठार. नाव कान्होजी आंग्र्यांचं. माथा पाण्याखाली जेमतेम वीस-पंचवीस मीटर, त्यावर प्रवाळ. कोकणातल्या मुलाने हे नाव ऐकलेलं नसतं आणि ऐकलं की त्याचे कान टवकारतात, कारण आपल्या आंग्र्यांचं नाव समुद्राच्या तळाला कसं काय! दहा नॉटच्या वेगाने जहाज तिथे पोहोचायला सहा तास. रात्रीचा प्रवास, बाबूला उलट्या, पहाटे पाण्याखाली पठार आणि त्याच्या पलीकडे उतार. किल्ला सोडून द्या, आंग्रिया घ्या.

आणि आजोबांना घरी ठेवू नका. पहिल्या खर्ड्यात ते तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते आणि दोन वाक्यं बोलून गायब झाले. खोली ते वावात मोजणार, म्हणजे दोन हात पसरले की एक वाव. दोन हजार मीटर म्हणजे सुमारे अकराशे वाव. हे ऐकून आजोबा म्हणतील, ‘अकराशे वाव? येवढी दोरी खय गावतली?’ आकडा असा पोहोचतो. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, मालवणी ठेवा. आजोबांच्या तोंडी पूर्ण, गौरीच्या तोंडी घाबरली की थोडी. खाली अर्थ देऊ नका, लातूरच्या मुलालाही ‘खय’ कळतं.

खाली जाण्याचा प्रवास तुम्ही एका वाक्यात उरकलाय: ‘आणि बघता बघता ते तळाशी पोहोचले.’ अहो, मिनिटाला तीस मीटर या वेगाने दोन हजार मीटरला एक तास सात मिनिटं लागतात! सातव्या मिनिटाला दोनशे मीटर, तिथे उजेड इतका विरतो की शेवाळाला अन्न करता येत नाही. तेहतिसाव्या मिनिटानंतर सूर्याचा एक कणही नाही. हा तासभर म्हणजे तुमची खाण आहे. गौरीच्या वेणीला शाळेची लाल रिबीन बांधा. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणून आतला दिवा बंद असेल तर वीस मीटरवरच रिबीन काळपट दिसेल. दिवा लावला की पुन्हा लालभडक. बाबू हे दहा वेळा करून पाहील आणि मामा ओरडेल, बॅटरी वाचव. मग पूर्ण काळोख, आणि त्या काळोखात निळ्या ठिणग्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मोजणी झाली तेव्हा पाण्याच्या पोटात राहणाऱ्या प्राण्यांपैकी तीनचतुर्थांशांच्या आसपास प्राणी स्वतःचा उजेड करणारे निघाले. हा आकडा पुस्तकात घालू नका. बाबूला ठिणग्या मोजायला लावा आणि मोजता मोजता थकू द्या.

एक छोटी गोष्ट. तुमची गौरी तळावरून आईला फोन लावते. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात फार पुढे जात नाहीत. खालून वर बोलायचं ते आवाजाने. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे दोन हजार मीटरवरून प्रश्न विचारला की उत्तर यायला पावणेतीन सेकंद. बाबूला पावणेतीन सेकंद धीर निघत नाही. तो दुसरा प्रश्न विचारतो, मग पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला येतं. ‘आम्ही वर येऊ का?’ आणि ‘बाहेर हात काढू का?’ हे दोन प्रश्न एकापाठोपाठ टाका आणि वरून ‘हो’ येऊ द्या.

आता शेवटाकडे. तुमचा क्लायमॅक्स म्हणजे पाठलाग. पाणबुडी पुढे, परदेशी जहाजाची पाणबुडी मागे. खोल जाणारी ही यंत्रं माणसाच्या चालीने सरकतात, पाठलाग म्हणजे दोन आजी मंडईतून निघाल्यासारखं दिसेल. त्यापेक्षा वजनं वापरा. अशी पाणबुडी वजन घेऊन बुडते आणि वजन टाकून वर येते, इंजिनाच्या जोरावर नाही. २३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्त’ पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेत, जवळपास अकरा किलोमीटर खाली उतरली, तेव्हा तिच्या पोटात लोखंडाच्या गोळ्या भरलेल्या होत्या आणि त्या विद्युतचुंबकाने धरून ठेवल्या होत्या. वीज गेली तर चुंबक सुटणार, गोळ्या पडणार आणि पाणबुडी आपोआप वर येणार. किती साधी युक्ती! जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे आत होते. नऊ हजार मीटरच्या आसपास मोठा धडाका झाला, एका खिडकीच्या काचेला तडा गेला. तरी ते पुढे गेले, तळावर वीसेक मिनिटं थांबले, थंडीत चॉकलेट खाल्लं आणि वजन टाकून परतले. (बाबूच्या दप्तरात एम-सीलऐवजी चॉकलेट ठेवायला हरकत नाही.)

वजनाची गंमत अशी की एकदा टाकलं की टाकलं, पुन्हा खाली जाता येत नाही. म्हणजे गौरीपुढे खरा पेच उभा राहतो. पंखा बंद पडलाय, मामाचं डोकं दुखतंय, आणि दिव्याच्या उजेडाच्या कडेला, वीस मीटरवर, ती गोगलगाय आहे. हातात वजनाचा खटका. आता परदेशी जहाजाची कुणाला आठवण आहे?

ते जहाज तसंही मला खटकलं. लोखंडी गोगलगाय खरी आहे हे वाचकाला कळू द्या. ती २००१ मध्ये हिंदी महासागरातल्या कैरेई नावाच्या उष्ण झऱ्यांपाशी, सुमारे २,४०० मीटर खोलीवर सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर आहे. तिच्या शरीरात जिवाणू राहतात आणि तेच तिला पोसतात. २०१९ मध्ये ती धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत गेली, कारण ती जिथे राहते तिथे धातू आहेत आणि ते काढायचा माणसाचा विचार आहे. हा विचार काळा चष्मा लावलेल्या परदेशी कप्तानाचाच असतो असं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून धातूंचे गोटे वर आणले, तेव्हापासून आपणही त्या रांगेत आहोत. त्या बटाट्यासारख्या गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं आणि काही मिलिमीटर वाढायला त्यांना दहा लाख वर्षं लागतात. कोबाल्ट आणि निकेल बॅटरीत लागतात. तेव्हा खलनायक हवाच असेल तर तो मामाच्या कामाच्या कागदांत ठेवा. मामा तिथे का आलाय, हे गौरीला परतीच्या वाटेवर कळू द्या. मामा वाईट नाही, त्याचं ते काम आहे, आणि गौरीच्या हातात मोबाइल आहे. हे न सोडवता सोडलंत तरी चालेल. दहा-बारा वर्षांच्या मुलांना न सुटलेली गोष्ट पचते, आपल्यालाच पचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, कैरेई तर मॉरिशसच्याही पलीकडे, मग माझी गोगलगाय कोकणात कशी? हीच तुमची थाप. थाप मारायची तर एकच, पण खणखणीत. मुलांना पाणबुडीत कुणी बसवेल का, ही थाप मी मोजत नाही. ते तिकीट आहे, साहसकथेत प्रत्येक लेखकाला फुकट मिळतं. त्यानंतर एकच: आंग्रियाच्या पलीकडच्या उतारावर, जिथे कुणी शोधलं नाही, तिथे एक उष्ण झरा आहे. असा झरा तिथे माहीत नाही. हिंदी महासागरातले झरे मध्यभागी, कटकांवर, म्हणजे पाण्याखालच्या डोंगररांगांवर आहेत. पण १९७७ मध्ये गालापागोसजवळ अडीच हजार मीटर खाली पहिल्यांदा अशा झऱ्यांभोवती प्राण्यांची जत्रा दिसली, तेव्हा ती पाहायला गेलेले भूशास्त्रज्ञ होते, जहाजावर जीवशास्त्रज्ञ नव्हता. तेव्हा तुमच्या थापेला पूर्वज चांगले आहेत. ती एक मारलीत की बाकी प्रत्येक गोष्ट खरी ठेवा. पाण्याचा नमुना उघडला की सडक्या अंड्याचा वास आलाच पाहिजे. गोगलगाय बोलता कामा नये. दुसऱ्या खर्ड्यात ती ‘मला वाचवा’ म्हणते. नको हो.

थाप आणि चूक यांतला फरक मी एका पोस्टकार्डावरून शिकले. फार वर्षांपूर्वी मी संपादित केलेल्या एका कथेत मुलांना समुद्रतळाशी शार्कचा अख्खा सांगाडा सापडतो. पांढरीशुभ्र हाडं, बरगड्यांच्या कमानीतून मुलं पोहत जातात. चित्रही झकास होतं. महिन्याभराने एका मुलीचं कार्ड आलं, वळणदार अक्षरात: ‘मुशीला हाडं नसतात. आमच्याकडे रोज मुशी येते. आई कापते. कुर्चा असते.’ खाली सही, इयत्ता पाचवी. उड्या, भुतं, खजिना, सगळं तिने मान्य केलं होतं. हाडं नाही. ते कार्ड मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे आणि तुमचा खर्डा त्याच्या शेजारीच ठेवून वाचला.

बाकीचं झटपट. ‘सबमर्सिबल’ हा शब्द काढा, वाचणाऱ्याला विहिरीतला पंप दिसतो. पाणबुडीच म्हणा आणि तिला बाबूकडून एक नाव ठेवून घ्या. मामाला मारू नका, बेशुद्धही करू नका, नुसतं डोकं दुखू दे. प्रकरण एका ऑफ तासाला वाचून होईल एवढंच असावं. तुमच्याकडे वर्ग आहे, हे भाग्य कुठल्या लेखकाला मिळतं? मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल ठेवा आणि मागच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली की त्या ओळीवर रेघ मारा. नवी रेघ पडायची थांबत नाही तोवर प्रकाशकाकडे पाठवू नका.

आणि शेवटी एक पान जोडा, ‘यातलं खरं काय आणि रचलेलं काय’. पेला खरा, थेंब खरे, रिबीन खरी, गोगलगाय खरी, झरा रचलेला. दोन पानं करू नका, एकच. ते लिहायला तुम्ही बसू नका, एसटीवाल्याला बसवा. प्रश्न त्याचे, उत्तरं तुमची. आणि त्याचं नाव त्या पानाखाली छापायला विसरू नका, इयत्तेसकट.

– तुमची,
ताई